श्रमात पाहिलेले हृदय

बैल विकत घेताना जाणता शेतकरी नुसते दात मोजून थांबत नाही. भालकी-औरादच्या बाजूस देवणी जनावर पाहावयास गेलेला माणूस वशिंड पाहतो, खूर पाहतो. पण सौदा पुरा करण्यापूर्वी मानेवर जू ठेवून बैलाला चार पावले ओढावयास लावतो. उभ्या जनावराविषयी जे कळत नाही ते ओझे ओढताना कळते. मनुष्याच्या हृदयाची परीक्षाही पुष्कळ अंशी याच न्यायाने चालते; परंतु ही गोष्ट रुग्णाला सहसा कोणी समजावून सांगत नाही. खाटेवर डाव्या कुशीवर निजवून, छातीवर थंड मलम लावून हृदयाचे जे चित्र घेतात, त्याला सर्वजण ‘इको’ म्हणतात. ते चित्र विश्रांती घेणाऱ्या हृदयाचे असते. शेतात, तालमीत किंवा विहिरीच्या पायऱ्यांवर तेच हृदय कसे वागते, याची साक्ष ते चित्र देईलच असे नाही.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटांतील लोकप्रिय नट पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी निवर्तले. त्या सकाळी व्यायामानंतर त्यांना अस्वस्थ वाटू लागले होते. ही वार्ता पसरताच बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी रीघ लागली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये हासन जिल्ह्यातील आकस्मिक मृत्यूंच्या बातम्यांनी तेच दृश्य पुन्हा उभे केले. या भीतीतून दोन चुकीच्या समजुती जन्मास येतात. एक अशी की, व्यायाम हाच हृदयाचा शत्रू. दुसरी अशी की, इकोच्या कागदावर ‘सर्व ठीक’ असा शेरा मिळाला म्हणजे भय सरले. दुसरी समजूत पहिलीहून अधिक घातक म्हटली पाहिजे, कारण ती माणसाला निर्धास्त करते.

बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत ही तपासणी आता पूर्वीइतकी दुर्लभ राहिलेली नाही. एकेकाळी हृदयाच्या रुग्णाला घेऊन सोलापूर किंवा हैदराबाद गाठण्यावाचून गत्यंतर नसे. बीदरला २००७ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. जयदेव संस्थेची शाखा कलबुर्गीत २०१६ पासून काम करू लागली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्या रुग्णालयात ३७१ खाटा आहेत. या मागास भागाला विशेष दर्जा देणारे राज्यघटनेचे कलमही ३७१ (जे) हेच! यंत्र जवळ आले, ही समाधानाची गोष्ट होय. त्याच्या आकड्यांचा अर्थ मात्र अजून गावोगाव पोहोचावयाचा आहे.

मुळात हे यंत्र करते काय? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. या यंत्रातून वीस ते चाळीस लाख कंपनांचा ध्वनी छातीत सोडतात. शरीरातील मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, हृदयाच्या भिंतींवर आणि झडपांवर आपटतो आणि परततो. भिंत पंधरा सेंटिमीटर खोल असेल, तर जाऊन येऊन तीस सेंटिमीटरांचा प्रवास एका सेकंदाच्या सुमारे पाच हजाराव्या हिश्श्यात पुरा होतो. या वेळेवरून अंतर निघते, आणि अशा असंख्य अंतरांचे मिळून हलते चित्र तयार होते. बीदरच्या किल्ल्यातील वटवाघळे अंधारात याच युक्तीने भिंती चुकवितात. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हा वैद्य आणि हेल्मुट हर्ट्झ हा पदार्थवैज्ञानिक यांनी २९ ऑक्टोबर १९५३ रोजी जिवंत हृदयाच्या हालचालींची अशी पहिली नोंद घेतली. त्यासाठी त्यांनी वापरलेले यंत्र मुळात धातूंतील भेगा शोधण्यासाठी बनविलेले होते, आणि त्याची ओळख त्यांना जहाज-बांधणीच्या कारखान्यात झाली होती. रक्ताचा वेग मोजण्यासाठी पुढे डॉप्लरच्या तत्त्वाची जोड मिळाली. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा आणि दूर जाणाऱ्या गाडीचा उतरता वाटतो, तेच हे तत्त्व. ते १८४२ मध्ये मांडले गेले.

आता त्या कागदावरील सर्वांत प्रसिद्ध आकड्याकडे वळले पाहिजे. तो म्हणजे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’, अर्थात डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी शेकडा किती रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, ते प्रमाण. समजा, कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरले आणि आकुंचनानंतर ५० उरले. बाहेर गेले ७०; म्हणजे प्रमाण शेकडा ५८. ठोके मिनिटाला ७२ असतील, तर मिनिटाला पाच लिटर रक्त शरीराला मिळते. विश्रांतीच्या वेळी एवढे पुरे होते. पुष्कळांना हे प्रमाण शंभराच्या जवळ हवे असे वाटते आणि ‘साठच आहे हो’ म्हणून ते खिन्न होतात. परीक्षेतील गुणांची सवय येथे उपयोगाची नाही. शेकडा बावन्न-चोपन्नपासून बहात्तर-चौऱ्याहत्तरपर्यंतचा टप्पा प्रौढ माणसात स्वाभाविक मानला आहे.

तोच माणूस तुरीचे भारे वाहू लागला की चित्र पालटते. पायांचे स्नायू आवळत-सैलावत शिरांतील रक्त वर लोटतात. हृदय थोडे अधिक भरते, समजा १३० मिलिलिटर. पण आकुंचन इतके जोरकस होते की मागे तीसच उरतात. बाहेर शंभर गेले, प्रमाण शेकडा ७७ झाले. ठोके १७० वर गेले, तर मिनिटाला सतरा लिटर रक्त वाहू लागते. म्हणजे विश्रांतीच्या तिपटीहून अधिक! यावरून उघड आहे की, रुग्ण धापा टाकीत तीन जिने चढून आला आणि लगेच खाटेवर निजला, तर त्याचे आकडे शांत बसलेल्या माणसासारखे येणार नाहीत. विश्रांतीच्या तपासणीपूर्वी थोडा वेळ स्वस्थ बसवितात, ते यासाठी.

भरण्याचा हा मुद्दा आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बीदरजवळच्या झरणी नरसिंहाच्या दर्शनासाठी भुयारातील कंबरेएवढ्या, कधी छातीएवढ्या पाण्यातून चालत जाण्याची परंपरा आहे. पाण्यात उतरताच बाहेरच्या दाबाने पायांतील आणि पोटातील रक्त छातीकडे ढकलले जाते. माणूस गळ्यापर्यंत बुडाला, तर सुमारे ७०० मिलिलिटर रक्त अशा रीतीने वर सरकते. हृदयाचे कप्पे फुगतात आणि प्रत्येक ठोक्यात अधिक रक्त बाहेर पडते. भाविकाने अजून फारसे श्रम केलेले नसतात, तरी त्याच्या हृदयाची मापे बदललेली असतात. मोजलेला आकडा हा एकट्या हृदयाचा गुण नव्हे. ते किती भरले आहे आणि कोणत्या दाबाविरुद्ध ते रक्त लोटीत आहे, हेही त्या आकड्यात मिसळलेले असते.

श्रमाचा उपयोग परीक्षेसाठी करावयाचा विचार यातूनच पुढे आला. हृदयाच्या स्वतःच्या धमनीत चरबीचा थर साचून ती निम्म्याहून अधिक अरुंद झाली, तरी विश्रांतीच्या वेळी तिच्यातून पुरेसे रक्त जाऊ शकते. त्यामुळे साध्या इकोत सर्व भिंती नीट हलताना दिसतात, आणि अहवाल निर्दोष येतो. श्रमात मात्र त्या धमनीवर अवलंबून असलेल्या भागाला रक्त कमी पडते. बाकीच्या भिंती जोमाने आत येत असताना तेवढाच भाग मागे रेंगाळतो. जणू रहाट ओढणाऱ्या जोडीतला एक बैल अडखळावा. अमेरिकेत १९७९ च्या सुमारास श्रमानंतरच्या अशा चित्रांचे पहिले अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि पुढे संगणकावर विश्रांतीचे आणि श्रमाचे चित्र शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय झाल्यावर ही परीक्षा सर्वत्र रुळली.

तिची रीत अशी. प्रथम विश्रांतीतील चित्रे घेतात. मग रुग्णाला सरकत्या पट्ट्यावर चालवितात. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे पट्टा दर तीन मिनिटांनी अधिक वेगाने आणि अधिक चढाने चालतो. आरंभी ताशी २.७ किलोमीटर आणि शेकडा दहा चढ. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या ठोक्यांच्या शेकडा पंच्याऐंशीपर्यंत नाडी गेली की श्रम पुरेसा झाला असे समजतात. पन्नाशीच्या माणसाला हा आकडा १४५ च्या आसपास येतो. पट्टा थांबताच रुग्णाला पुन्हा खाटेवर घेतात, आणि एक ते दीड मिनिटाच्या आत सर्व चित्रे टिपतात. येथे घाई अत्यावश्यक असते. कारण श्रम थांबताच हृदय सावरू लागते, आणि रेंगाळणारी भिंत पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते. त्यात धापा टाकणाऱ्या छातीत हवेने भरलेली फुप्फुसे हृदयाच्या आड येतात. हवेतून हा ध्वनी नीट जात नाही. चित्र घेणाऱ्याच्या हातचे कौशल्य येथे पणाला लागते, आणि अननुभवी हातातील परीक्षा फसवू शकते. गुडघ्यांमुळे ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी डोब्युटामाइन हे औषध शिरेतून देऊन ठोके वाढवितात. ती युक्ती उपयुक्त असली तरी ते खरे श्रम नव्हेत. पायांचे स्नायू रक्त वर लोटीत नसल्यामुळे हृदय तेवढे भरत नाही. छातीत दुखणे ताजे आणि अस्थिर असेल किंवा झटका नुकताच येऊन गेला असेल, तर ही परीक्षा करीत नाहीत.

या सीमाभागात मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही बोलींत श्वासाच्या त्रासाला ‘दम’ हाच शब्द थोड्याफार फरकाने चालतो. भाषावार प्रांतरचनेने १९५६ मध्ये तालुके वाटून घेतले, पण दुखण्याचा शब्द सामाईकच राहिला. तथापि ‘दम लागतो’ एवढ्याने वैद्याचे काम भागत नाही. कशाने दम लागतो, हे त्याला हवे असते. गावातील तरुण विवाहित स्त्री दोन घागरी घेऊन चढ चढताना थांबते, रात्री उशाशी आणखी एक उशी घेते, आणि घरातील माणसे तिला दमेकरी ठरवून मोकळी होतात. पुष्कळदा तो दमा नसतोच. लहानपणी घसा सुजून, सांधे दुखून जो संधिवाती ज्वर येऊन गेला, त्याने हृदयाची डावीकडची झडप आखडून ठेवलेली असते. हा ज्वर प्रायः पाच ते पंधरा या शाळेच्या वयात येतो. म्हणून घसादुखीनंतर सांधे सुजलेल्या मुलाकडे शिक्षकाचेही लक्ष हवे.

अशा झडपेच्या बाबतीत श्रमाचे गणित फार बोलके आहे. झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा आणि त्याला चाराने गुणावे. म्हणजे झडपेच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. वेग एक मीटर असेल तर फरक चार. वेग दोन मीटर झाला की फरक आठ नव्हे, सोळा होतो. त्यातच ठोके वाढले की हृदयाला भरावयास मिळणारा वेळ कमी होतो, आणि तेवढ्याच रक्ताला अरुंद दारातून अधिक घाईने जावे लागते. परिणामी खाटेवर निजलेली असताना जी झडप ‘मध्यम अरुंद’ दिसते, तीच चार मिनिटे चालल्यावर फुप्फुसांत दाब तुंबविते. दाबाचा सरासरी फरक श्रमात पंधराच्या वर गेला, तर ती झडप रुग्णाला जड जाते आहे असे मानतात. बाळंतपणही या झडपेच्या दृष्टीने महिनोन् महिने चालणारा श्रमच होय, कारण त्या काळात रक्ताचे प्रमाण आणि ठोके दोन्ही वाढतात. लग्नापूर्वी वा गर्भ राहण्यापूर्वी केलेली एक श्रमपरीक्षा अशा स्त्रीचा जीव वाचवू शकते. झडप योग्य स्थितीत असेल, तर फुग्याने ती उघडण्याचा उपायही आहे.

येथवर काही मिनिटांच्या श्रमांचा विचार झाला. वर्षानुवर्षांच्या व्यायामाने हृदयाची ठेवणच पालटते, ही याहून नाजूक बाब. १८९९ मध्ये स्वीडनच्या हेन्शेन यांनी बर्फावरून घसरत जाणाऱ्या शर्यतपटूंची छाती नुसती बोटांनी ठोकून त्यांचे हृदय मोठे असल्याचे ताडले होते. १९७५ मध्ये मॉर्गनरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनियंत्राने मापे घेतली. धावणारे आणि पोहणारे यांच्या हृदयाचा कप्पा ऐसपैस आढळला. कुस्तीगीर आणि गोळाफेक करणारे यांच्या कप्प्याच्या भिंती जाड आढळल्या. कारण समजण्यासारखे आहे. धावणाऱ्याचे हृदय तासन् तास अधिक रक्त वाहते. कुस्तीगीर श्वास कोंडून जोर लावतो तेव्हा रक्तदाब क्षणभर भलताच चढतो. जड वजने पायांनी रेटणाऱ्यांत तो ३०० मिलिमीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. ही विभागणी पुढील संशोधनात तितकीशी काटेकोर राहिली नाही, कारण बहुतेक खेळांत दोन्ही प्रकारचे श्रम मिसळलेले असतात. तरी २००८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात नव्वद दिवसांच्या सरावानेच वल्हे मारणाऱ्यांचे कप्पे मोठे आणि अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्यांच्या भिंती जाड झाल्याचे दिसून आले.

लांब पल्ल्याच्या धावपटूचा कप्पा १८० मिलिलिटरचा असू शकतो. विश्रांतीत त्याला शरीरासाठी तेच पाच लिटर हवे असतात, आणि ठोके तर पंचावन्नच! मग प्रत्येक ठोक्याला नव्वद मिलिलिटर पुरतात. म्हणजे प्रमाण शेकडा पन्नास. कागद पाहून एखादा म्हणेल, हृदय दुबळे झाले. तेवढाच मोठा कप्पा आणि तेवढेच प्रमाण खऱ्या दुबळ्या हृदयातही आढळते, आणि खाटेवर ती दोन हृदये जुळ्या भावांसारखी दिसतात. श्रम दिल्यावर मात्र धावपटूचे प्रमाण झपाट्याने वर चढते; आजारी हृदयाचे जागीच राहते, किंवा घसरते. हाही निकष निरपवाद नाही. परंतु नुसत्या विश्रांतीच्या आकड्यावरून एखाद्याला पळण्यापासून कायमचे परावृत्त करण्यापेक्षा तो कितीतरी न्याय्य आहे.

तालमीतील पोराचा प्रश्न याच्या उलट असतो. पुरुषाच्या हृदयाची भिंत सहा ते दहा मिलिमीटर जाड असते. जत्रेच्या आखाड्यात उतरणाऱ्या किंवा पोलीस-भरतीसाठी घाम गाळणाऱ्या एखाद्या तरुणाची ती चौदा निघाली, तर ती जोर-बैठकांची कमाई समजावी, की अकारण जाड होत जाणाऱ्या आनुवंशिक स्नायुरोगाची खूण? हा रोग तरुण खेळाडूंना मैदानावर अवचित गाठतो, म्हणून उत्तर चुकले तर किंमत मोठी. इटलीमध्ये ९४७ निवडक खेळाडूंची मापे घेऊन १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेरा मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत अवघ्या सोळा जणांत आढळली. म्हणजे नुसत्या व्यायामाने इतकी जाडी विरळाच येते. मग वैद्य इतर साक्षी गोळा करतो. कप्पा ऐसपैस असेल तर व्यायामाकडे कल. आकसलेला असेल तर रोगाकडे. भिंत सैल होऊन भरण्याची चपळाई खेळाडूत टिकते, रोगात मंदावते. घरात कोणी तरुणपणी एकाएकी गेले आहे का, हे विचारलेच पाहिजे. श्रमानंतरचे चित्र येथेही उपयोगी पडते, कारण या रोगाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत रक्ताच्या वाटेतील अडथळा विश्रांतीत दिसतच नाही आणि श्रमानंतरच प्रकट होतो. तरी शंका राहिली, तर तीन महिने तालीम बंद ठेवून पुन्हा माप घेतात. व्यायामाने आलेली जाडी तेवढ्या अवधीत उतरू लागते, रोगाची उतरत नाही. वस्तादाला आणि पोराला हे तीन महिने वनवासासारखे वाटतात खरे.

तासन् तास चाललेल्या अति श्रमांनंतर, उदाहरणार्थ मॅरेथॉनसारख्या शर्यतीनंतर, हृदयाचा उजवा कप्पा काही काळ फुगलेला आणि थकलेला दिसतो. बहुतेकांत तो आठवड्याभरात पूर्ववत होतो. आळंदचा वारकरी चालत पंढरपूर गाठतो त्याची गोष्ट वेगळी. त्याची चाल संथ, मुक्काम ठरलेले, आणि रोजच्या विसाव्यात हृदयाला सावरण्यास अवसर मिळतो. ज्याला चढावर छातीत दाब येतो त्याने मात्र निघण्यापूर्वी परीक्षा करून घ्यावी, हे निराळे सांगावयास नको.

श्रमांचा अभाव हृदयावर काय परिणाम करतो, तेही मोजले गेले आहे. पूर्वी हृदयाचा झटका आलेल्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवीत. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना वीस दिवस खाटेवर ठेवण्यात आले. त्या काळच्या साधनांनी मापे घेतली तेव्हा त्यांची श्रमशक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली होती, आणि दर ठोक्याचे रक्तही कमी झाले होते. पुढील आठ आठवड्यांच्या व्यायामाने ते सर्व भरून निघाले. त्याच पाच जणांची १९९६ मध्ये, पन्नाशीत, पुन्हा परीक्षा झाली. तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान विशीतील त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केले होते. म्हणून विषमज्वर किंवा हाड मोडणे यासाठी महिनाभर निजून उठलेल्या रुग्णाचा इको लगेच काढावयाचा असेल, तर त्याने ही हकीकत वैद्याला आधी सांगावी. त्याचा कप्पा आकसलेला आणि नाडी जलद दिसेल. पुन्हा हिंडू-फिरू लागल्यावर काही आठवड्यांनी घेतलेले चित्र निराळे असेल.